मागच्या जमिनीची वहिवाट

उत्तराला बारावीला फ्रेंचमध्ये शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क होते. आता पुण्यात ज्यांनी ज्यांनी फ्रेंच घेतलं त्यांना ठाऊक आहे, हा विषय भाषा म्हणून कोणी घेत नाही, मार्कांसाठी घेतात. चार निबंध, सहा पत्रं, क्रियापदांचे तक्ते. सगळी पोपटपंची, आणि पेपर झाला की डोकं रिकामं. पण सासरी "आमची सून फ्रेंच जाणते" हे इतकं गाजलं होतं की तिनेही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जपानमध्ये, हिगाशी-कसाईत तिने आणि शैलेंद्रने नऊ वर्षं काढली आणि चार घरं बदलली. शैलेंद्र आयटीत, नोकरी पक्की, पगार वेळेवर. तरी दर वेळी एजंट मान खाली घालून तेच सांगायचा, "मालक परदेशी माणसं नको म्हणतात." चौथ्या घरात खालच्या बाईने ईश्वरीच्या पावलांच्या आवाजाची तक्रार केली, आणि आठ वर्षांची पोर घरात चवड्यांवर चालायला लागली.

"मला माझं घर हवंय," ती शैलेंद्रला म्हणाली. "जिथून माझ्या मुलीला कोणी ऊठ म्हणणार नाही. कसं का असेना."

मिळालंही. त्याच एदोगावा वॉर्डात, स्टेशनपासून सायकलने बारा मिनिटांवर, जुनं दुमजली लाकडी घर. पुढे बोळ, मागे कोणाची तरी मोकळी जमीन. घर बांधलं होतं एका फ्रेंच मास्तराने. तो गेला, पाठोपाठ त्याची जपानी बायको गेली. किंमत मनात शंका यावी इतकी कमी होती, पण गरजवंताला अक्कल नसते.

एजंट कुरोदा-सानने कराराला एक पिवळा पडलेला चार पानी कागद जोडला होता. सगळा फ्रेंचमध्ये.

"मास्तरांनी मागची जमीन विकली, तेव्हाचा हा कागद," तो म्हणाला. "नव्या मालकालाही तो लागू राहतो. पण आमच्याकडे फ्रेंच कोणाला येत नाही."

शैलेंद्र हसला. "आमच्याकडे येतं. उत्तरा, वाच गं."

उत्तराने वाचला. म्हणजे डोळे फिरवले. पहिल्याच ओळीत 'सर्व्हित्यूद द पासाज' असं काहीतरी होतं, खाली एक माप होतं, नव्वद सेंटिमीटर. बाकी सगळा अंधार. फोन पर्समध्येच होता. फोटो काढून भाषांतर करायला दोन मिनिटं लागली नसती. पण नवरा कौतुकाने बघत होता, कुरोदा-सान अदबीने वाट बघत होता, आणि त्या दोघांसमोर फोन बाहेर काढायची तिला लाज वाटली.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "हद्दीचं वर्णन आहे. लांबी-रुंदी वगैरे."

शैलेंद्रने शिक्का मारला.

वास्तुशांत गुरुजींनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितली. घराची ईशान्य आली ती पुढच्या दारापासून मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळकांडीच्या टोकाला, तर देव्हारा तिथेच मांडला. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला उत्तरा ओट्याशी कणीक मळत होती. पुढचं दार सरकल्याचा आवाज आला.

"ईशू, आलीस का गं?"

उत्तर नाही. लाकडी जमिनीवर मोजे घातलेली पावलं तेवढी ऐकू आली, सावकाश, सवयीची. बोळकांडीतून ती मागे गेली आणि मागचं दार सरकलं. उत्तरा पिठाच्या हातांनी बाहेर आली. दोन्ही दारं बंद होती. देव्हारा होता तिथून हातभर बाजूला, भिंतीला लागून उभा होता. समई तेवत होती. देवांवरचं एकही फूल हललं नव्हतं.

तिने शैलेंद्रला फोन लावला. "देव्हारा तू सरकवलास का रे?"

"वेड लागलंय का? सकाळी सातलाच निघालोय मी. मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू."

मग हे रोजचं झालं. खुर्ची, कपडे वाळत घालायचा स्टँड, ईश्वरीचं दप्तर, वाटेत जे असेल ते साडेतीननंतर भिंतीशी नीट लावून ठेवलेलं असायचं. मागे नदीच्या गाळाचा थंड वास राहायचा. दुसऱ्या आठवड्यात पावलं एका माणसाची राहिली नाहीत. एक दिवस धीर करून तिने मागचं दार उघडून बघितलं. कमरेइतकं गवत आणि तिन्ही बाजूंना लोकांच्या घरांच्या आंधळ्या भिंती. त्या जमिनीला रस्ताच नव्हता. तिकडे गेलेली पावलं परत आलेली तिने एकदाही ऐकली नव्हती.

ईश्वरी बोळकांडीत बसून अभ्यास करायची. एकदा ती पुटपुटताना ऐकू आली, "हितोरी, फुतारी, सान्निन..."

"काय मोजतेस गं?"

"माणसं," ती म्हणाली आणि मान वर न करता मोजत राहिली.

शनिवारी शैलेंद्र घरी होता. बायकोचं डोकं फिरलंय हे सिद्ध करायचा त्याने चंगच बांधला. मागच्या दाराला बोल्ट ठोकला, वर पोलादी कपाट घामाघूम होऊन दाराला लावलं. "आता बघू कोण जातंय." ईश्वरी त्या कपाटाला टेकून बसली आणि वही उघडली. नवराबायको स्वयंपाकघरात चहा घेत बसले. साडेतीनला दार सरकलं, तसा शैलेंद्रने कप खाली ठेवला.

दोघं धावले.

बोल्ट निघालेला होता. कपाट भिंतीशी उभं होतं. आणि ईश्वरी कपाटाच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, आपल्या उशीवर बसलेली होती. हातात पेन्सिल तशीच.

"मला उचलून ठेवलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"दोइते, म्हणाले. जरा सरक म्हणाले." आणि तिने पुढचं गणित सोडवायला घेतलं.

त्या संध्याकाळी उत्तराने तो कागद खऱ्या अर्थाने वाचला. फोन, शब्दकोश, जे जे मिळालं ते घेऊन. आणि शैलेंद्रला वाचून दाखवला.

वहिवाटीचा हक्क होता तो. आपल्याकडे बांधावरून भाऊबंद डोकी फोडतात, तीच वहिवाट. मागच्या जमिनीला रस्ता नाही, म्हणून या घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत नव्वद सेंटिमीटर रुंद वाट, मागच्या जमिनीवर राहणाऱ्या सगळ्यांना, कायमची. वाटेत घरमालकाने काही ठेवू नये. ठेवलंच तर जाणाऱ्याने ते बाजूला करावं.

"हे तुला तेव्हा दिसलं नाही?"

"दिसलं. कळलं नाही."

"अठ्ठ्याण्णव मार्क!" शैलेंद्र म्हणाला. इतक्या कडवट आवाजात तो आजवर तिच्याशी बोलला नव्हता. "नाही कळलं म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का?"

तिने शेवटचं कलम वाचलं. दोन्ही जमिनी एका मालकाकडे येऊन एक झाल्या, की हा हक्क संपतो.

"मग झालं तर," शैलेंद्र म्हणाला. "आपल्याच घरातून जायला कोणाला हक्क कशाला लागतो? मागची जमीन घेऊन टाकू."

बिनरस्त्याची जमीन, गिऱ्हाईक नव्हतंच. कुरोदा-सानने महिन्याभरात वारस शोधून कागद केले. पुण्याच्या फ्लॅटसाठी ठेवलेली शिल्लक त्यात गेली. शेवटच्या कागदावर शिक्का मारायच्या आधी कुरोदा-सानने विचारलं, "दोन्ही मिळून एकच करायचं ना? पुन्हा वेगळं होणार नाही."

"एकच," उत्तरा म्हणाली. या वेळी तिने प्रत्येक ओळ तीनदा वाचली होती.

त्या दिवसापासून पावलं थांबली. साडेतीन वाजायचे, दार बंद राहायचं. देव्हारा ईशान्येला परत गेला आणि तिथेच राहिला. शैलेंद्र अधूनमधून टोमणे मारायचा, ते ती गिळायची. चूक तिची होती, आणि घर तर तिचं झालं होतं. ईश्वरीही खुशीत होती. माडीवर एकटीच खेळायची, खळखळून हसायची, हाक मारली की जपानीतून उत्तर द्यायची.

पंधरा दिवसांनी शाळेने रहिवासाचा दाखला मागितला. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं त्यात असतं. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, मशीनवर ओळखपत्राचं कार्ड ठेवलं की तो छापून मिळतो. दर वेळी एक पान यायचं.

या वेळी मशीन थांबेना.

सात पानं आली. उत्तरा ती दिव्याखाली घेऊन उभी राहिली. पत्ता त्यांचाच होता, मागच्या जमिनीसकट. कुटुंबप्रमुखाच्या जागी एक जपानी नाव होतं. जन्म मेइजी काळातला, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. खाली त्याची बायको, आणि पुढच्या पानांवर भाऊ, सुना, नातवंडं, ओळीने नावं.

सातव्या पानाच्या तळाशी शैलेंद्र होता, त्याच्याखाली ती. नात्याच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द होता. नात्यातलं नसलेलं, घरात ठेवून घेतलेलं माणूस. आश्रित.

ईश्वरीचं नाव तिथे नव्हतं.

तिने पानं उलटी चाळली. सहावं, पाचवं, चौथं.

पहिल्याच पानावर सापडलं. प्रमुख आणि त्याची बायको यांच्या लगेच खाली, तिसऱ्या ओळीत. नातं: मुलगी.