स्टार्टर खिशातच होता

हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी फारसं कुणाला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी दौंडला रेल्वेत वायरमन होतो. त्र्याहत्तरचा उन्हाळा. बायको म्हाळसा केंदूरची. तिची आई सोजरबाई, मी त्यांना मामी म्हणायचो, दुष्काळात गेली आणि मागं उरलं तिच्या काटेरी वांग्याचं चिमूटभर बी, राखेत घोळून चिंधीत बांधलेलं. तेवढंच. ते वाया गेलं की वाण संपला.

अंगणात पेरावं तर उपाशी शेरडं हिरवं म्हणून काही ठेवत नव्हती. म्हणून क्वार्टरच्या बिनखिडकीच्या खोलीत डबे मांडले आणि वर ट्यूब टांगली. रोपं उगवली. म्हाळसा त्यांच्याशी आईशी बोलावं तसं बोलायची. मी चेष्टा करायचो.

घरात ट्यूब दोन, स्टार्टर एकच, आणि त्याशिवाय ट्यूब पेटत नाही. एका सकाळी स्वयंपाकघरातली लावायला म्हणून मी खोलीतली बंद केली, स्टार्टर काढला आणि तेवढ्यात ड्यूटीचं बोलावणं आलं. कुर्डुवाडीला पोचल्यावर खिशात हात गेला...

तीन दिवस अंधार! घटातल्या धानासारखी पिवळी पडून माना टाकणार सगळी. परतीच्या गाडीत मी स्टार्टर मुठीत धरून बसलो.

भर दुपारी घरी पोचलो.

"रोपं गेली ना?"

"गेली कशानं? तुमी ट्यूब लावूनच गेलाता की," म्हाळसा म्हणाली.

दार लोटलं. मशेरीचा वास आला. आमच्या घरात मशेरी कुणीच लावत नव्हतं; लावायच्या त्या फक्त सासूबाई. ट्यूब जळत होती. बटण बंद होतं आणि स्टार्टरची जागा रिकामी.

अंगावर काटा आला. पण रोपं हिरवीगार उभी होती आणि ती बघून मला रडूच फुटलं.

"मामी..." मी हळूच म्हणालो, "आता मी हाय. तुमी इसावा घ्या."

ट्यूब विझली. मी स्टार्टर बसवला आणि बटण दाबलं.

त्या साली पाऊस झाला. रोपं केंदूरला नेऊन लावली, झाडं वांग्यांनी लगडली. बी धरलं, घरोघर वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात म्हाळसाची चुलती आक्काबाई आली. तिच्या घरात वीज नव्हती. शेरडांच्या धाकानं तिनंही रोपं आतल्या अंधाऱ्या खोलीतच टाकली होती.

"जावई, रोपं झ्याक हायती," ती म्हणाली आणि तिनं आवाज खाली आणला. "पर येक इचारू? दिसभर आमच्या त्या खोलीतनं पांढरा उजेड येतोय... त्यो कशाचा वं?"