आतल्या बाजूची रेघ

सांगलीत त्या काळी मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप त्याला समांतर केंद्रात घेऊन जात. पूर्वी ज्योतिषाकडे नेत, तसंच. फरक एवढाच की ज्योतिषी भविष्य सांगायचा, इथे ते आखून मिळायचं.

हळदीचे अडते धनपाल आरवाडे आपल्या लेकीला, सन्मतीला, घेऊन आले होते. घरात दोघंच. सन्मतीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे धनपालांना घरात वाद घालायला सन्मतीच होती, आणि ती पुरून उरत असे.

केंद्रामागची कल्पना साधी होती. नकाशे काढणाऱ्या जुन्या संगणकांवर रस्त्याच्या दोन्ही कडा कुणी आखत बसत नसे. एक कड आखायची, अंतर सांगायचं, कुठल्या बाजूला ते दाखवायचं. दुसरी कड यंत्र आखून मोकळं व्हायचं, वळणावळणासकट. पुढे माणसाचं आयुष्य हीसुद्धा स्थळकाळातून गेलेली एक रेघच असते हे सिद्ध झालं, ती मोजताही यायला लागली, आणि मग शेजाऱ्यांना राहवेना. यशस्वी माणसाची रेघ घ्यायची, ती मूळरेघ. तिला समांतर आपल्या मुलाची रेघ टाकायची. लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटावा तशा घटना येऊन त्या रेघेवर बसत. दोन आयुष्यांमधल्या अंतराला म्हणत पैस. एक पैस म्हणजे दुरून पाहणाऱ्याचा घोटाळा होईल इतकं जवळ.

धनपालांनी मूळरेघ निवडली होती शेजारच्या रेवती मगदूमची. वयानं पंचेचाळिशीची ही बाई परदेशात मोठमोठे पूल बांधून आली होती. गल्लीत तिच्यापुढे कुणाचं नाव निघत नसे.

"अंतर किती ठेवू?" डॉ. विभावरी लेल्यांनी विचारलं. रेघा टाकायचं काम त्यांचं.

"दहा पैस."

"दहा? लोक दोन-तीन घेतात."

"मॅडम, पोरीचं सगळं रेवतीसारखं झालं पाहिजे. पण रेवतीची नक्कल मारली, असं गल्लीत कुणी म्हणता कामा नये."

"अण्णा, अख्ख्या गल्लीला माहितीय," सन्मती म्हणाली. "तुम्हीच सांगत फिरलाय की."

"तू गप बस. बाजू आतली घ्या मॅडम." शर्यतीत आतल्या पट्टीतून धावणाऱ्याला कमी पळावं लागतं, एवढं विज्ञान हळदीच्या बाजारातही पोचलेलं होतं.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. रेवतीची रेघ ठिकठिकाणी वळली होती, आणि योगायोगानं प्रत्येक वेळी डावीकडेच. तिच्या डावीकडे, म्हणजे वळणांच्या आतल्या बाजूला, दहा पैसांवर सन्मतीची रेघ होती. ती शाळेतल्या फुटपट्टीसारखी सरळ होती.

धनपालांना अडतीवर माल पाहायची सवय. त्यांनी मान तिरकी केली. "ही इतकी गुळगुळीत कशी?"

"लग्नाची वरात बोळाच्या कोपऱ्यावर वळते तेव्हा बाहेरच्या अंगाचे लोक पळतात, आणि कोपऱ्याकडचा माणूस जागच्या जागी पाय आपटतो. बरोबर? त्याला आणखी आत सरकवलं, तर त्याला वळायला जागाच उरत नाही. अशा वेळी यंत्र तेवढा तुकडा कापतं आणि दोन टोकं जोडून देतं."

"कापलं काय काय?"

"हे रुंद वळण, इथे रेवती दोनदा नापास झाली. हे त्याहून अरुंद, इथे तिचा संसार मोडला."

"मग कापलेलंच बरं की!" धनपाल खूष झाले. "आणि हे टोकाचं? केसात घालायच्या आकड्यासारखं?"

डॉक्टरांनी त्या वळणावर बोट ठेवलं. "तिचे वडील आजारी पडले तेव्हाचं. अर्धा पूल टाकून ती उलटपावली घरी आली. शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती."

धनपालांना ते आठवत होतं. रेवतीच्या वडिलांचं, भरमूअण्णांचं, डोकं लेकीच्या मांडीवर होतं. खोलीबाहेर उभ्या असलेल्या धनपालांना त्या दिवशी मेलेल्या माणसाचा हेवा वाटला होता.

"तेवढं एक वळण ठेवा."

"सुटं नाही ठेवता येत. अंतर कमी करत गेलं की आधी रुंद वळणं परत येतात, मग अरुंद. हे सगळ्यांत अरुंद आहे. अर्ध्या पैसावर आणलं तर येईल, पण तोवर बाकीची दोन्ही आलेली असतील."

"बाहेरच्या बाजूनं?"

"तिकडे सगळीच वळणं राहतात, फक्त मोठी होतात. नापासही जास्त वेळा होईल. घरीही येईल, पण वळसा इतका लांबचा की तोवर तुमच्या फोटोला हार पडलेला असेल."

सन्मती हसली. "अण्णा, तुम्ही आजारी पडलात तर मी येणारच की. त्याला यंत्र कशाला पाहिजे?"

डॉक्टरांनी अंतराची कळ धनपालांपुढे सरकवली.

धनपालांनी कळ मागे ओढली. आठ, पाच, तीन. सन्मतीच्या रेघेत नापासाचं वळण हळूच फुगून आलं. एक. मोडलेला संसार आला. आणखी थोडं ओढलं असतं तर ती घरी आली असती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती पडद्यावरच्या आपल्या रेघेकडे कौतुकानं बघत होती.

"चेहरा असा का केलाय अण्णा? दात दुखतोय का?"

"दहाच राहू द्या," धनपाल म्हणाले, आणि कळ पुन्हा पुढे ढकलली. "गल्लीत उगाच बोलणं नको."

सन्मतीनं अंगठा टेकवला. यंत्रानं बारीकसा आवाज केला. रेघ टाकून झाली होती.

ती उठली, ओढणी सारखी केली आणि दाराकडे चालू लागली. धनपालांचा उजवा गुडघा खुर्चीतून उठताना नेहमी अडायचा. अशा वेळी ती मागे येऊन हात द्यायची आणि वर दोन शब्द सुनावायची.

"सन्मती," त्यांनी हाक मारली.

"ऐकतेय, अण्णा," ती प्रेमानं म्हणाली, आणि मागे न वळता सरळ चालत राहिली.