वळणमापक

विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत दुपारी दोन वाजता प्रा. भास्कर डोईफोडे आपली एकशे बारावी कार्यशाळा घ्यायला उभे राहिले, तेव्हा समोर एकतीस मुलं होती आणि त्यातली तीस हजेरीसाठी आली होती. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं ते गावोगाव हिंडून मुलांना लोककोशात लिहायला शिकवत होते. लोककोश म्हणजे कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा महाजालावरचा ज्ञानकोश. त्याची मराठी आवृत्ती साठ हजार पानांची. शिकवलेल्या शंभरातला एखादाच पुढे लिहीत राहायचा. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आज मात्र थकून चालणार नव्हतं. पाच वाजता लोककोशाचं मंडळ मराठी आवृत्तीची शिरगणती करणार होतं. जिवंत संपादक पन्नासच्या आत भरले, तर आवृत्तीला टाळं. पानं वाचता येणार, पण त्यात पुन्हा एक अक्षरही कुणाला घालता येणार नाही. काल आकडा त्रेचाळीस होता. सात हवे होते.

मोजणाऱ्या यंत्राचं नाव वळणमापक. ते घडवणाऱ्यांपैकी डॉ. सुलभा नाडगौडा समोरच्या मोठ्या पडद्यावर हजर होत्या. सरळ खातीच का मोजत नाही, असं डोईफोडेंनी मुलांना कळावं म्हणून त्यांना विचारलं.

“खातं काय, यंत्रसुद्धा उघडतं,” नाडगौडा म्हणाल्या. “एका दिवसात हजार उघडतं आणि हजार पानं नासवून ठेवतं. म्हणून आम्ही वळण मोजतो. लिहिताना माणूस कुठे अडतो, काय खोडतो, पान कुठल्या क्रमानं बांधतो, हे हस्ताक्षरासारखं असतं. एकदा बसलं की जात नाही. एक वळण म्हणजे एक माणूस.”

शेवटच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, दोन खात्यांचं वळण एकच निघालं तर? तिचं नाव नसीम मोमीन. इचलकरंजीची, आणि तिसांतली नसलेली ती एकतिसावी.

“तर दोन्हींमागे एकच माणूस धरायचा. थोडंफार साम्य आम्ही सोडून देतो. पण मधले दुवे सापडत गेले, की सगळी साखळी एकात जमा होते.”

प्रश्न चांगला होता, पण घड्याळ पुढे पळत होतं. डोईफोडेंनी नाडगौडांचे आभार मानले आणि कामाला लागले.

त्यांची पद्धत ठरलेली. ज्यानं त्यानं आपल्या गावाचं पान उघडायचं आणि त्यात ‘गावात एक प्राथमिक शाळा आहे’ हे वाक्य घालायचं. मोठ्या पडद्यावर सर लिहिणार, मागून मुलं. लिहा. थांबा. आता संदर्भ. आता जतन करा. सरांनी वाक्य चुकून ‘भूगोला’खाली घातलं, च्च केलं, तिथून कापलं आणि ‘शिक्षणा’खाली आणलं. तीस मुलांनीही ते आधी भूगोलाखाली घातलं, मग कापलं आणि शिक्षणाखाली आणलं. दर कार्यशाळेत हे असंच व्हायचं. पूर्वी डोईफोडेंना याचं हसू यायचं. आता हसायचंही जिवावर यायचं.

ते रांगांतून फिरत शेवटी नसीमपाशी आले. तिनं गावाचं पान उघडलंच नव्हतं. ‘कांडी भरणे’ नावाचं नवंच पान सुरू केलं होतं. यंत्रमागाचा आडवा धागा ज्या कांडीवरून सुटतो, ती भरायचं काम बऱ्याच बायका घरी करतात, असं काहीसं होतं. पुढे लिहिलं होतं, की कांडी संपत आली की मागाचा आवाज बदलतो आणि तो भरणाऱ्या बाईला शेजारच्या खोलीतूनही कळतो. मध्ये तीन वाक्यं अर्धवट होती.

“संदर्भ काय याला?” डोईफोडेंनी विचारलं.

“आई, सर.”

“आई संदर्भ नसते.”

ते रागावले नव्हते, नुसते दमले होते. नियम त्यांनी केला नव्हता, पण एकोणीस वर्षं पाळला होता. त्यांनी तिला सगळं खोडायला लावलं आणि शेजारी उभं राहून शाळेचं वाक्य घालून घेतलं. भूगोलाखाली, मग शिक्षणाखाली.

पावणेपाचला एकतीस जणांचं काम जतन झालं. त्रेचाळीस आणि एकतीस, चौऱ्याहत्तर. घोडं गंगेत न्हालं म्हणत डोईफोडे खुर्चीत टेकले आणि त्यांनी वळणमापकाचा आकडा उघडला.

आकडा होता एक.

त्यांनी घाईघाईनं नाडगौडांना पुन्हा पडद्यावर बोलावलं. यंत्र बिघडलंय, म्हणाले. नाडगौडांनी आपल्याकडची नोंद दोनदा तपासली.

“बिघडलं असतं तर बरं झालं असतं, भास्करराव. आजच्या मुलांचं सगळ्यांचं वळण तुमचं आहे.”

“मुलांचं जाऊ द्या. जुने त्रेचाळीस कुठे गेले?”

“त्यांना कुणी शिकवलं होतं?”

“मीच.”

“कालपर्यंत ते वेगळे धरता येत होते, जेमतेम. आज या मुलांनी मधले सगळे दुवे भरून दिले.”

म्हणजे उरलेसुरले त्रेचाळीसही त्यांनीच आज आपल्या हातानं बुडवले होते. डोईफोडेंना रडू येईलसं वाटलं, आणि मुलांसमोर त्याचीही लाज वाटली. पाचला बारा मिनिटं होती. ते उठून शेवटच्या रांगेत गेले.

“तुझी ती कांडी,” ते नसीमला म्हणाले. “परत लिही.”

“संदर्भ नाही, सर.”

“लिही तू.”

तिनं लिहायला घेतलं. मध्येच आईला फोन लावून काहीतरी विचारलं, आधीचं अर्धं खोडलं, शेवटचं वाक्य उचलून वर नेलं. सर हात मागे बांधून उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. चार एकोणसाठला तिनं जतन केलं.

पाच वाजता पानांवर टाळ्याची खूण आली. मुखपृष्ठावर कायमची पाटी लागली: मराठी लोककोश, पानं साठ हजार, संपादक दोन. खाली डोईफोडेंचं नाव होतं, त्याखाली नसीम मोमीन. शिकवलेल्या हजारो मुलांसाठी डोईफोडेंनी पाटी उगाच आणखी खाली सरकवून पाहिली. खाली काही नव्हतं.

पोरं हजेरीच्या सह्या करून निघाली. नसीम तेवढी पडद्याकडे बघत थांबली होती.

“सर, आता यात कुणालाच काही घालता येणार नाही?”

“नाही.”

“आणि खोडता?”

डोईफोडे तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

“खोडताही येणार नाही,” ते म्हणाले.