डाव्या बाजूचं टायर

जिनेशला देवाधर्माचं फारसं वेड नव्हतं, पण आईचं होतं. आई म्हणजे प्रेमकुंवरबाई. घरात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. धुळ्यात आग्रा रोडला पाण्याच्या मोटारींचं दुकान, वडील लखीचंदजी वारले तेव्हापासून जिनेशच सांभाळत होता. बाईंना एकदा झारखंडातल्या शिखरजीचं, जैनांच्या त्या मोठ्या तीर्थाचं, दर्शन घ्यायचं होतं. पण बाईंचे नियम भारी. पाणी उकळून गाळलेलं, जेवण स्वतःच्या चुलीवरचं आणि सूर्य मावळला की तोंडात थेंबभर पाणीसुद्धा नाही. त्यात कंबर अधू, काठीशिवाय चार पावलं चालायची पंचाईत. अशा माणसाला दीड हजार किलोमीटर न्यायचं कसं?

जिनेशने तोड काढली. एक जुनी दोन चाकी ट्रॉली घेतली, तिच्यावर पत्र्याची खोली बांधून घेतली, आत डावीकडे एक बाक, उजवीकडे एक बाक, मध्ये ओटा आणि शेगडी. ही घरगाडी बोलेरोच्या मागे जोडायची आणि निघायचं. गल्लीतल्या लोकांनी टिंगल केली, "जिनेशशेठचा बंगला निघाला!" म्हणून. बाई मात्र हरखल्या. उजवीकडचा बाक त्यांनी पहिल्याच दिवशी आपला करून टाकला. आणि शिखरजीच्या आधी सराव हवा म्हणून दर रविवारी जळगावला, अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या बहिणीला भेटायला जायचं ठरलं.

तिसऱ्या रविवारी पहिलं पंक्चर झालं.

मे महिन्यातली दुपार होती. खानदेशातलं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. डांबर पायाला चिकटतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नव्या हमरस्त्यावर काम चालू होतं, म्हणून जिनेशने मुकटीच्या पुढे जुना रस्ता धरला होता. तिथे एका बंद पडलेल्या ढाब्यासमोर घरगाडीचं डावं टायर बसलं. ढाब्याचं छप्पर उडालेलं, भिंतीवरचा पत्रा वाऱ्याशिवायच कुरकुरत होता, बाजूला एक वाळका कडुनिंब. जिनेश घाम पुसत स्टेपनी बदलायला लागला. टायर चढवलं, जॅक उतरवला आणि नट आवळायला बसला.

बाईंची जेवायची वेळ झाली होती. जेवायच्या आधी ताट हातात घेऊन दारात उभं राहायचं आणि कुणी साधू-साध्वी येवोत, त्यांना आधी वाढता येवो, असं मनापासून म्हणायचं, ही त्यांची पन्नास वर्षांची रीत. कोणी येत नसे हे वेगळं. घरी असल्या तर दारात. इथे घरगाडीच्या पायरीवर.

"पधारो," बाई नेहमीसारख्या म्हणाल्या.

मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "हां… हां… आत या. बसा."

त्याच वेळी पायरी कुई करून वाजली आणि घरगाडी डाव्या बाजूला जराशी खाली बसली. जिनेशच्या हातातला पाना सटकला. त्याला वाटलं बाईच हलल्या असतील. उन्हाने डोकं तापलं होतं, त्याने नट आवळले आणि निघाला.

पंक्चर काढायला तो पारोळ्याच्या अलीकडे आधारनानांकडे थांबला. नाना साठीचे, तोंडात तंबाखू, टायरला हात लावून गाडीची कुंडली सांगणारा माणूस. दुकानाला लागून एका कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा होता आणि तो चालवणंही नानांकडेच. नानांनी टायर पाण्याच्या हौदात बुडवलं, बुडबुडे आले तिथे खडूने गोल केला, ठिगळ लावलं. काहीच विशेष नाही.

पण पुढच्या रविवारी पुन्हा डावंच टायर. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. चौथ्या खेपेला नानांनी टायर उभं केलं आणि अंगठा त्याच्या बाहेरच्या कडेवर फिरवला. तिथली नक्षी पार गुळगुळीत झाली होती, आतल्या तारा दिसायला आल्या होत्या. उजवं टायर मात्र नव्यासारखं.

"भाऊ, डावीकडे कोन बठस?" नानांनी विचारलं.

"कोणी नाही. बाई उजवीकडे बसतात. डावा बाक रिकामाच असतो."

"मंग हाई टायर असं का घसायेल शे?"

"अलाइनमेंट गेली असेल."

नाना हसले नाहीत. "अलाइनमेंटनं घसायेल टायर मी चाळीस वरीस पाही राहिनू. हाई वजननं घसायेल शे. आनि वजन दर खेपले वाढी राहिनं. काट्यावर चढाडा."

एक एक चाक काट्यावर घेऊन वजन केलं. रिकामी घरगाडी दोन्ही बाजूंना चारशे-चारशे भरायची; बांधून झाली तेव्हा जिनेशने इथेच वजन केलं होतं. बाई पंचावन्न किलोच्या. म्हणजे उजवीकडे चारशे पंचावन्न, डावीकडे चारशे भरायला हवे होते. चिठ्ठीवर उजवीकडे चारशे वीस आले. डावीकडे चारशे पस्तीस.

जिनेशने चिठ्ठी दोनदा वाचली. बेरीज तेवढीच होती. एक किलोही वाढला नव्हता. नुसतं इकडचं तिकडे गेलं होतं.

मग त्याला बाईंचे हात आठवले. गेल्या आठवड्यात बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. प्रियल, त्याची बायको, म्हणालीही होती, बाईंचं पोलकं किती सैल होतंय बघा. त्याने उन्हाळ्यावर ढकललं होतं. माणसाला जे बघायचं नसतं त्याच्यासाठी उन्हाळा बरा असतो. उजवीकडे चारशे वीस, म्हणजे आपली आई वीस किलोची उरली आहे?

तो घरगाडीपाशी गेला. दार लोटलेलं होतं. आत शेगडी बंद, तरी जेवणाच्या वासात दुसराच एक वास मिसळलेला, कोरड्या विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तसा. बाई उजव्या बाकावर टेकून बसल्या होत्या. त्यांचं ताट समोरच्या, डाव्या बाकावर होतं.

"बाई, तुमचं ताट तिकडे का?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बेटा… जेवतोय."

जिनेशने डाव्या बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता. फक्त गादी मधोमध दबलेली होती, आणि तो बघत असतानाच ती अजून थोडी दबली.

"कोण… कोण जेवतोय?"

"नाव नाही विचारलं. दारात आलेल्याला नाव विचारतात का?" बाईंचा आवाज थकलेला होता, पण त्यात तक्रार नव्हती. "साधू नाही तो. पहिल्या दिवशीच कळलं मला. पण मी बोलावलं होतं रे… आणि त्याची भूक काही सरत नाही."

"हाकला त्याला!"

"बोलावलेल्याला हाकलतात होय? वेशीपर्यंत पोहोचवायला जावं लागतं. मग जातो पाहुणा. जिथून बोलावलं, तिथे चल. आजच चल. पुढच्या रविवारी मला उठवणार नाही."

जिनेश बाहेर आला. नानांना त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. नानांनी नवं टायर चढवून दिलं आणि एवढंच म्हणाले, "दिवस बुडाना आगोदर या. मी काटा चालू ठेवस."

जुन्या रस्त्याने ढाब्याकडे जाताना जिनेश आरशातून सारखा मागे बघत होता. घरगाडी डावीकडे झुकूनच चालली होती. ढाब्यापाशी पोहोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वारा नव्हता, तरी पत्रा कुरकुरत होता.

बाई काठी टेकत पायरी उतरल्या. त्यांच्यामागे पायरी पुन्हा एकदा कुई करून वाजली.

"मी येतो तुमच्याबरोबर."

"नाही. ज्याने बोलावलं त्यानेच पोहोचवायचं. तू गाडीपाशी थांब."

बाई निघाल्या. आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून, पाहुण्याशी बोलत चालावं तशा. कडुनिंबाखाली वाळक्या पाल्याचा जाड थर होता. त्यांच्या पावलांनी तो चुरचुर वाजत होता, आणि त्या पावलांच्या शेजारी आणखी कुणाच्या तरी जड पावलांनीही. ढाब्याच्या भिंतीमागे दोन्ही आवाज गेले आणि बंद झाले.

जिनेशला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. बापाला अग्नी देतानाही नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याने हाक मारली. "बाई…" उत्तर नाही. "आई!" लहानपणानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तो शब्द निघाला.

तेव्हा बाई भिंतीमागून आल्या. एकट्या. पाल्यावरून सरळ चालत आल्या, हसत. काठी कुठेतरी विसरल्या होत्या. जिनेशने त्यांना हात धरून वर चढवायला हात पुढे केला, तोवर त्या चढूनही गेल्या.

"गेला?"

"पोहोचवलं," त्या म्हणाल्या आणि उजव्या बाकावर जाऊन बसल्या.

जिनेशला रडू फुटलं. गाडी चालवताना तो हसतही होता, रडतही होता. घरगाडी आता मागे अगदी सरळ चालली होती, कुठे झोल नाही की हिसका नाही. इतकी हलकी, की मागे काही जोडलंय हेच विसरायला होत होतं.

पारोळ्याजवळ पोहोचेपर्यंत सूर्य मावळला. आधारनाना काट्याच्या खोलीत वाट बघत बसले होते. एक चाक चढलं, उतरलं. मग दुसरं. नानांनी चिठ्ठी फाडली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली. जिनेशनेच ती ओढून घेतली.

उजवीकडे चारशे. डावीकडे चारशे.

"बघा नाना! गेला तो! दोन्ही बाजू सारख्या!"

"सारख्या शेतस भाऊ," नाना हळूच म्हणाले. त्यांनी तोंडातला तंबाखू थुंकून टाकला आणि घरगाडीच्या आत बोट दाखवलं. "पन रिकामी गाडी बी इतलीच भरस… माय मझार बठेल शे ना?"

जिनेशच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. मग त्याला आठवलं. बाई जाताना पाला वाजला होता. येताना वाजला नव्हता.

त्याने वळून बघितलं. हमरस्त्यावरचे दिवे लागले होते. घरगाडीच्या उजव्या खिडकीत बाई बसल्या होत्या, मांडीवर ताट घेऊन. पन्नास वर्षं सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेतलेल्या बाई जेवत होत्या. घाईघाईने, दोन्ही हातांनी. त्याच्याकडे लक्ष जाताच त्यांनी हात थांबवला आणि दार उघडून पायरीवर आल्या. चेहरा तोच. मायेने हसणं तेच.

"पधारो," त्या म्हणाल्या.

नानांनी मागून त्याच्या नावाने हाक मारली, ती त्याला फार लांबून आल्यासारखी वाटली.

"हां… हां… आत या. बसा."

पायरी कुई करून वाजली. आपला पाय तिच्यावर पडला आहे, हे जिनेशच्या तेव्हा लक्षात आलं.