रिकाम्या भिंतीवरची शेवटची ओळ

"मधुमेहानं येणारं अंधत्व आजपासून इतिहासजमा झालं आहे," असं डॉ. हर्षद कोल्हटकर यांनी नाशिकच्या नेत्रसंशोधन केंद्रात जाहीर केलं, आणि व्यासपीठावरून उतरताना त्यांना शेवटची पायरी दिसली नाही. पाय मुरगळला.

साल २०४३. चाचणी साधी होती. निम्म्या रुग्णांच्या डोळ्यांत जुनं, सूज उतरवणारं औषध टोचायचं. उरलेल्यांच्या डोळ्यांत नवं 'स्मृतिपूरक'. कुणाला काय टोचलं हे वर्षभर डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही, म्हणून ते दोन्ही औषधांबद्दल सारख्याच आत्मविश्वासानं बोलत. वर्षाअखेर नव्या औषधाचे सगळे रुग्ण नजर तपासायच्या तक्त्याची अगदी शेवटची ओळही वाचू लागले.

त्यांतलेच एक उदय मिराशी. वय एकाहत्तर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. घोषणेनंतरच्या सोमवारी ते खुर्चीत बसले, एकेक डोळा झाकून दोन्ही डोळ्यांनी त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत खडाखडा वाचून दाखवला.

तरुण डॉ. तेजल वाघचौरेंनी काहीच लिहून घेतलं नाही.

"काका, परत वाचा बरं."

काकांनी परत वाचला. चूक नाही.

"सर, जरा येता? तक्ता शनिवारीच चौकट बदलायला गेलाय."

कोल्हटकर लंगडत आले. भिंतीवर खिळा होता, एवढंच. त्याच खिळ्याला तोच तक्ता अकरा वर्षं होता. तक्ता बदलायला तिघांची समिती लागे आणि तिघांतला एक कायम रजेवर असे.

"पाठ केलाय यांनी," कोल्हटकर म्हणाले. रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टर त्याच्याविषयी असंच बोलतात.

"नाही सर, त्यांना दिसतोय. हे औषध पडदा दुरुस्त करतच नाही. ते मेंदूला निरोप धाडतं की इथे भोक पडलंय, तुझ्याकडचं जुनं काही असेल तर लाव. मेंदू लावतो."

"आणि आधी न पाहिलेलं?"

"ते दिसत नाही. काका, गेल्या महिन्यात कपाळाला काय लागलं होतं?"

"खांब," मिराशी म्हणाले. "पण तिथे खांब कधीच नव्हता हो."

कोल्हटकर फाइल चाळत थांबले. "हे काय? यांची तीन महिन्यांची सरासरी साखर नऊवरून साडेसहावर? डोळ्याच्या औषधानं?"

तेजलनं पेन खाली ठेवलं. "काका, घरी कोण असतं?"

"कुणी नाही. नीलिमाला जाऊन चार वर्षं झाली."

पुढचं त्यांनी आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर औषध बंद करतील. नीलिमा जेवणाच्या टेबलाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसायची. थेट पाहिलं की असायची, नजर जरा बाजूला गेली की खुर्ची रिकामी. त्यामुळे हल्ली ते जेवताना ताटाकडे पाहत नसत.

"साखरेच्या डब्याकडे हात गेला की बघते," ते म्हणाले.

"काय म्हणतात काकू?"

"बोलत नाही. औषध डोळ्याचंच आहे ना."

कोल्हटकर खिळ्याकडे पाहत राहिले. तेजलनं खुर्ची पुढे ओढली.

"काका, आत सूज तशीच आहे. आजपासून नवं बंद करून दोन्ही डोळ्यांना जुनं औषध सुरू करावं लागेल. नाही केलं तर पडदाच जाईल. मग निरोप धाडायला नसच उरणार नाही. काकूही दिसणार नाहीत."

"किती दिवस आहेत?"

"वर्ष. फार तर दीड."

मिराशींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. भिंतीकडे पाहिलं. शेवटची ओळ अजून होती.

"उजव्यात टोचा," ते म्हणाले. "रस्त्याला पुरेल. डावा तेवढा राहू द्या, डॉक्टर. साखरेचा डबा डावीकडे असतो."