अडतिसावा संदर्भ

गोपाळराव काळमेघांचा शोधनिबंध दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यांनी तो टेबलावर आपटला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. राग आला की चहा मागवायचा, हा त्यांचा नेम होता. एकोणीसशे एकाहत्तरचा मे महिना. नागपुरात महाराजबागेच्या मागं एका बैठ्या कौलारू घरात त्यांची संत्रा-संशोधनाची प्रयोगशाळा होती. कूलर घरघरत होता आणि संपादकांचं पत्र त्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं.

"संशोधन उत्तम आहे म्हणतात," गोपाळराव म्हणाले. "पण संदर्भसूची नियमात बसत नाही. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मग कंसात साल. नियतकालिकाच्या नावाखाली रेघ. मग खंड, पानं. स्वल्पविराम कुठं द्यायचा तेही लिहिलंय. पुन्हा चुकलं तर पाठवू नका म्हणे."

"सुभद्राबाई, तुमच्या सासूपेक्षा कडक दिसते वं हा संपादक," ग्रंथपाल मनोहरराव म्हणाले.

"माह्या सासूले स्वल्पविराम नव्हताच," टाइपरायटरमागून सुभद्राबाई म्हणाली. "एकदा सुरू झाली की झाली."

सगळे हसले. तीही हसली आणि पत्र उचलून नियम पुन्हा वाचायला लागली. तिची नेमणूक तीन-तीन महिन्यांची होती. निबंध छापून आला तर तिला कायम करा, अशी शिफारस गोपाळराव करणार होते. नाही आला, तर वर्षअखेर टंकलेखिकेची जागाच बंद होणार होती. नवरा गेल्यावर बाविसाव्या वर्षी ती बाराखडी शिकली, मग सीताबर्डीवरच्या क्लासात इंग्रजी टायपिंग. उशिरा शिकल्यामुळं ती शब्द वाचत नसे, एकेक अक्षर वाचे. म्हणून तिची चूक सहसा सापडत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं एकेक संदर्भ एकेका कार्डावर टाइप केला. सदतीस कार्डं झाली. ती फरशीवर आडनावांच्या क्रमानं मांडली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आवारात गळून पडलेली हिरवी, लिंबाएवढी संत्री वेचून आणली आणि कार्डागणिक एक ठेवलं.

"बाजार भरवला का वं?" मनोहरराव दारातून म्हणाले. "काय भाव?"

"तुमच्यासाठी फुकट. खाऊन पाहा, दोन दिवस बोलता येणार नाही. आम्हालेही आराम."

डबा खाऊन ती परत आली आणि कार्डं मोजली. अडतीस निघाली.

अडतिसाव्या कार्डावर ठेवलेलं संत्रं पिकलेलं होतं. टपोरं, केशरी, देठाला दोन ओली पानं. मृग बहाराची फळं संपून दीड महिना झाला होता. बाजारातही संत्रं दिसत नव्हतं.

कार्ड तिच्याच मशीनवर टाइप केल्यासारखं होतं. 'नानाजी (१९३८). विहिरीजवळची झाडे आधी का सुकतात.' पुढं एका जुन्या शेतकी पत्रिकेचं नाव, त्याखाली रेघ, खंड सहावा, पानं ४१ ते ४६. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

"हे तुमचंच काम," ती मनोहररावांना म्हणाली.

"मले टाइप करता येते का? एका बोटानं संध्याकाळ झाली असती."

गोपाळरावांनी कार्ड पाहिलं आणि खो खो हसले. "आडनाव नाही, आद्याक्षर नाही. नुसता नानाजी! संपादकाला झीट येईल." संत्रं त्यांनी सोलून तिघांत वाटलं. गोड होतं.

मनोहरराव गंमत म्हणून सहावा खंड काढून घेऊन आले. खंड खरा होता. चाळिसाव्या पानानंतर एकदम सत्तेचाळिसावं पान होतं.

"कोणी फाडलं असन," सुभद्राबाई म्हणाली.

"शिवण पाहा. घट्ट आहे. एक धागा हाललेला नाही."

तिनं कार्ड टोपलीत टाकलं. सकाळी ते आपल्या क्रमात, आपल्या जागी होतं. पुन्हा टाकलं, पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशी मनोहररावांना काहीतरी आठवलं.

"इंग्रजांच्या वेळी इथं नानाजी नावाचा माळी होता म्हणे. आवारातल्या विहिरीवर मोट हाके. अंगठेबहाद्दर होता, पण झाडाचं पान पाहून सांगे, यंदा जगते का मरते. साहेब लोक त्याले विचारून विचारून लिहून घेत."

"त्याचं नाव टाकत होते?"

"माळ्याचं नाव कोण टाकते वं?"

सुभद्राबाईनं संपादकांचं पत्र पुन्हा उघडलं. नियमांत शेवटचा नियम असा होता की सूचीतलं प्रत्येक नाव निबंधात आलेलं असावं. तिनं निबंध काढला आणि बोट ठेवून वाचायला लागली.

नवव्या पानावर तिचं बोट थांबलं.

वाक्य जुनंच होतं. विहिरीजवळच्या झाडांचं मरण मुळांतून नव्हे, पाण्यातून सुरू होतं. त्यापुढं आता कंस होता. '(नानाजी, १९३८)'. हे पान तिनं स्वतः मागच्या खेपेला टाइप केलं होतं. कंसासाठी ओळ कुठं दाटलेली नव्हती. जणू तेवढी जागा आधीपासूनच सोडलेली होती.

तिनं पान गोपाळरावांपुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. या वेळी चहा मागवला नाही.

"हे वाक्य माझं आहे," ते म्हणाले. मग पान खाली ठेवून, "आवारातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, तेव्हा सुचलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. पण सुचलं म्हणजे... ऐकू आल्यासारखं."

"मग काय करू साहेब?"

"काढून टाका. कार्डही जाळा."

तिनं कार्ड जाळलं. मे महिन्याच्या दुपारी खोलीभर संत्र्याच्या फुलांचा वास सुटला. पान तिनं पुन्हा टाइप केलं, कंसाशिवाय. सूचीवरून बोट फिरवून मोजलं, सदतीस. लिफाफा स्वतः चिकटवला आणि रजिस्टर करून आली.

ऑगस्टात संपादकांचं उत्तर आलं. निबंध स्वीकारला होता. 'संदर्भसूची आदर्श आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'अडतीसही संदर्भ अगदी नियमानुसार.'

"मोजण्यात चुकले असतील," गोपाळराव म्हणाले. त्यांनी शिफारस वर पाठवली आणि सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

नोव्हेंबरात अंक आला. सूचीत अडतीस नावं होती. निबंधाखाली संचालकांचे आणि ग्रंथपालांचे आभार छापलेले होते. टंकलेखिकेचे आभार मानायची तेव्हा पद्धत नव्हती.

डिसेंबर लागला. वरून काही कळलं नाही. मनोहरराव रोज टपाल पाहून येत आणि येता येता विनोद करत, पण ते विनोदही आता छोटे झाले होते. सुभद्राबाईनं टेबलाचा खण आवरायला घेतला.

अठ्ठावीस तारखेला सकाळी गोपाळरावांच्या नावानं परदेशातून एक पोस्टकार्ड आलं. अशी कार्डं येत. दूरदूरचे संशोधक एकमेकांकडून छापील लेखाच्या प्रती मागवत. हे स्पेनमधल्या एका प्राध्यापकाचं होतं.

"मागणी नाही ही," गोपाळराव म्हणाले. "पोच आहे." आणि ते मराठी करून सांगू लागले. "'नानाजी, १९३८, या लेखाची प्रत आपण तत्परतेनं पाठवलीत, आभारी आहे.'"

"आपण पाठवली?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"पुढं वाचा, साहेब."

त्यांचा आवाज खाली गेला. "'लेखाच्या शेवटी लेखकानं टंकलेखिका सुभद्राबाई यांचे आभार मानले आहेत. त्या नोकरीत कायम झाल्याचा लेखकाला झालेला आनंद वाचून मलाही बरं वाटलं. माझं अभिनंदन त्यांना कळवावं.'"

सुभद्राबाईनं कार्ड हातात घेतलं आणि शिक्क्यावरची तारीख एकेक आकडा करून वाचली. कार्ड तिथून निघून तीन आठवडे झाले होते.

"ऑर्डर तर अजून आलीच नाही," ती म्हणाली.

व्हरांड्यात चपलांची फटफट झाली. मनोहरराव लांबूनच ओरडत येत होते. "पेढे मागवा वं, सुभद्राबाई, पेढे! आली! आत्ताच्या टपालानं आली!"

खोलीतल्या दोघांपैकी कुणीच दाराकडं पाहिलं नाही.