शीळ कुठून येते?

दाराआड एखादा प्राणी अडकलाय, अशी तिची खात्रीच पटली. आधी बारीक कण्हणं, मग घुमणं, मग एकदम आक्रोश... खरं तर तिला वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत जायचं होतं. पण नको तिथं नाक खुपसायची खोड जन्माची. तिनं दार ढकललं.

आत प्राणी नव्हता. एक तरुण होता, दोन स्पीकर, एक कॉम्प्युटर आणि गार झालेला चहा.

“मला वाटलं, कुणाचा तरी जीव चाललाय!”

“माझाच,” तो म्हणाला. “सकाळपासून. बसा ना.”

बसायचं काही कारण नव्हतं. ती बसली.

“कसला आवाज हा?”

“सुरुवातीला कसलाच नसतो. आवाजाच्या ट्रॅकमधून थोडीशी खरखर बाहेर पडते, ती फिरवून मी त्याच ट्रॅकच्या तोंडात घालतो. ती पुन्हा बाहेर, पुन्हा आत. स्वतःचंच ऐकून ती फुगत जाते. त्यालाच फीडबॅक म्हणतात.”

“आमच्या ताईचा राग अस्साच वाढतो.”

तो खळखळून हसला. हसताना डोळे पार मिटून घ्यायची त्याची तऱ्हा तिला आवडली, हे ती मागाहून कबूल करणार होती.

ती कार्टूनपटाची एडिटर. तिच्या चित्रपटात डोंगराएवढा एक प्राणी जन्मात पहिल्यांदा हसत होता आणि माणसाचं एकही हसू त्याच्या तोंडी शोभत नव्हतं. तिनं हे सांगितलं मात्र, भुंग्यानं बाह्या सरसावल्या. त्या इमारतीत सगळे त्याला भुंगाच म्हणत. खोलीतून सतत गुणगुण यायची ना!

मग रोज दुपारी तिला त्या जिन्यावर काही ना काही काम निघू लागलं. हसू मात्र जमेना. लगाम जरा आवळला की आवाज विझायचा, सैल सोडला की कानठळ्या.

आणि एका दुपारी बटण फिरवायला तो तिच्या उजव्या खांद्यावरून वाकला, तेवढ्यात — नाजूक, थरथरती, अवखळ शीळ!

“ऐकलंत?” तो दचकून मागे झाला. शीळ थांबली. बटणाकडे पुन्हा वाकला. शीळ आली. “हेच! हेच ते हसू! पण हे बटण तर मी अजून फिरवलंच नाही...”

तिनं केस कानावर ओढले. शीळ कॉम्प्युटरची नव्हतीच. तिच्या केसांआड, उजव्या कानात, ऐकू येण्याचं मशीन होतं. जवळ काही आलं — हात, उशी, माणूस — की मशीनचाच आवाज परत मशीनमध्ये शिरायचा आणि शीळ वाजायची. “कुणी जवळ आलं की आपण जरा मागं सरावं,” हा ताईचा सल्ला. पूर्वी एकदा ती सरली नव्हती. तेव्हा जवळ आलेल्या गृहस्थानं शीळ ऐकून मिठी अर्ध्यावर सोडली आणि त्या दिवसापासून तो तिच्याशी मोठमोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. पुढं बोलेनासाच झाला.

हाही तसाच झाला तर? तिनं पर्स उचलली. “मला उशीर होतोय.”

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं तिनं ठरवलं आणि गेली. खोलीभर वायरींचा पसारा. भुंग्याचे डोळे तांबारलेले.

“सगळं उचकटून पुन्हा जोडलं,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “बटण तेच, आकडे तेच. शीळ नाही म्हणजे नाही. मला तर वाटायला लागलंय, तुम्ही असलात तरच ती येते.”

ती हसली. मग तिला रडू आलं. मग तिनं सरळ केस कानामागं घेतले.

“इथून येते.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

ती त्याचा चेहरा वाचत राहिली. आता हा बिच्चारी म्हणणार, आता ओरडून बोलणार...

“थांबा हं,” तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. “म्हणजे ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतोय, ते हसू कानात घेऊनच तुम्ही फिरता? आणि कुणी जवळ आलं की वाजते?”

“हो.”

“कुणीही?”

“मी कुणाला येऊ देत नाही.”

त्याचे कान लाल झाले. खुर्ची जराशी पुढं सरकली... मग थांबली. “येऊ?”

तिनं मान डोलावली. तो हळूच वाकला, गालाजवळ गाल, श्वास अडखळलेला. शीळ उमलली, थरथरली, वर चढली. सवयीनं तिची मान बाजूला वळणार होती. तिनं ती वळू दिली नाही.

कितीतरी वेळानं तो एकदम ताठ झाला. “अरेच्चा! रेकॉर्डिंगच लावलं नाही मी!”

“वेंधळा कुठला,” ती म्हणाली आणि तिनंच हात लांबवून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. “ये. आता पुन्हा पहिल्यापासून.”